कूलर बंद, ‘बंदे’ सुरू

मे महिन्यात नागपूरकर आपणहून कूलर बंद करत नाही. धरमपेठेतल्या तालमीच्या या खोलीत मात्र माइक लागला की आधी कूलर बंद होतो, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये उतरते. भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या. घामाघूम झालेली कॉलेजची चार पोरं ‘इंडियन ओशन’चं ‘बंदे’ बसवताहेत.

खरी कसरत तबला आणि ड्रम्सची. सिम्बलवर काठी जरा जोरात पडली की आवाज थेट तबल्याच्या माइकमध्ये शिरतो.

“हळू वाजव ना बे, माहा तबला ऐकूच नाही येऊन राह्यला!”

ड्रमर सिम्बल सोडतो. तबला मोकळा होतो, बेस त्याच्या खालून चालू लागतो, गिटार पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर येते. गाण्याला कसलीच घाई नाही.

‘इंडियन ओशन’ हा बँड १९९० मध्ये दिल्लीत सुरू झाला. गिटारवर सुस्मित सेन, तबल्यावर असीम चक्रवर्ती. पुढे बेसवर राहुल राम आणि ड्रम्सवर अमित किलम आले. करोलबागच्या एका जुन्या घरात ते वाजवत बसायचे आणि वाजवता वाजवताच गाणं सापडायचं. ‘१६/३३० खजूर रोड’ हा त्या घराचा पत्ताच २०१० मध्ये अल्बमचं नाव झाला. २००० सालचं ‘कंदीसा’ म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. शब्दही न कळता ऐकणारी पोरं ती गाऊ लागली.

मग आला अनुराग कश्यपचा ‘ब्लॅक फ्रायडे’. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा हा चित्रपट न्यायालयात अडकला आणि २००७ मध्ये कुठे पडद्यावर आला. पीयूष मिश्रांनी लिहिलेलं त्यातलं ‘बंदे’ त्याआधीच लोकांपर्यंत पोचलं होतं. ना नायिका, ना नाच, तरी गाणं चाललं. सिनेमानं या बँडला मोठा श्रोतृवर्ग दिला, पण त्यासाठी बँडनं आपली चाल सोडली नाही. ध्रुवपदही असं की ऐकणाऱ्याला पहिल्यांदाच सूर मिसळता यावा.

तालीम संपताना चौघं स्वतःचं एक गाणं वाजवतात, अस्सल नागपुरी बोलीतलं. कार्यक्रमात ते क्वचितच होतं. आयोजकांना ओळखीचंच हवं असतं. पण ‘बंदे’सुद्धा कधीतरी अनोळखीच होतं. तेव्हा गणेशोत्सवात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये अशा पोरांना बोलवाल, तर निदान एक गाणं त्यांचं स्वतःचं होऊ द्या.