ठराव झाला, पण पाणी कोण पिणार?

समाज कोण बदलतं, माणसं की सरकार? वक्तृत्व स्पर्धेत हा विषय आला की दोन गट ठरलेले. एक म्हणतो, फुले-आगरकर झाले नसते तर? दुसरा म्हणतो, कायदाच नसता तर त्यांचं ऐकलं कोणी असतं? टाळ्या दोघांनाही मिळतात आणि प्रश्न तिथेच राहतो. म्हणून भाषणं बाजूला ठेवून आपण एकच घटना नीट पाहू या. महाडचं चवदार तळं.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवल्या जाणाऱ्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे सरकारने आपलं काम केलं. तरीही पुढची तीन वर्षं तिथे कोणी अस्पृश्य पाणी भरायला गेला नाही. का? कारण पाणी पिऊन माणसाला परत गावातच जायचं होतं. मजुरी, शेत, वाण्याचं दुकान, सगळं दुसऱ्यांच्या हातात. ठरावाने हक्क दिला, पण पाठीशी उभं राहायला कोणी दिलं नाही.

ते बळ २० मार्च १९२७ ला आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ला झाला. मग तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव चक्क मागे घेतला! डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहासाठी लोक जमले, पण तोवर कोर्टाचा मनाई हुकूम आला होता. तो मानून त्यांनी तळ्यातलं पाणी घेतलं नाही. कोर्टात मात्र लढत राहिले. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

मग काय, व्यक्तीच श्रेष्ठ? थांबा. बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले ते आपल्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. ती संस्थानाची मदत होती. पण १९१७ मध्ये तेच बाबासाहेब नोकरीसाठी याच बडोद्यात आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी मंडळींच्या ज्या उतारशाळेत ते राहिले, तिथूनही त्यांना बाहेर काढलं गेलं. महाराजांच्या हुकमाने हुद्दा मिळाला, खोली नाही मिळाली.

तेव्हा ‘माणसं की सरकार’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. बोलेंचा ठराव नसता तर महाडच्या लोकांना ‘हा आमचा कायदेशीर हक्क’ असं म्हणता आलं नसतं. आणि लोक गेलेच नसते, तर ठराव दप्तरात पडून राहिला असता. एकाने दार उघडायचं, दुसऱ्याने उंबरठा ओलांडायचा, आणि दार पुन्हा लागू नये म्हणून न्यायालय हवं.

आज आपल्याकडे कायदे कमी नाहीत. गटारात माणूस उतरवून जीवघेणी सफाई करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी तिथे गुदमरून माणसं मरतातच. आपल्या सोसायटीचा चेंबर तुंबला की आपण कोणाला बोलावतो आणि तो खाली कसा उतरतो, हे आपण कधी खिडकीतून पाहिलंय का? आणि पाहिलं असेल, तर काय बोललो?