दुकानदार पालकांचं आयकर विवरणपत्र : विक्री, नफा आणि उत्पन्न यांतला फरक



नववीच्या गणित भाग १ मध्ये 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे. त्यात आयकराची आकारणी येते. उत्पन्न दिलेलं असतं, वजावटी दिलेल्या असतात, तक्ता बघायचा आणि कर काढायचा. नोकरदार घरातल्या मुलांना हे पटकन कळतं, कारण पगाराचा आकडा ठरलेला असतो आणि वर्षअखेरीस फॉर्म १६ हातात येतो. पण वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी दुकान असतं, गिरणी असते, शिवणकाम असतं. त्यांच्या बाबांना किंवा आईला फॉर्म १६ कोणी देत नाही. त्यांचा खरा प्रश्न तक्त्याच्या आधीचा असतो : मुळात आमचं उत्पन्न किती?

या लेखात आपण तोच प्रश्न सोडवू. उदाहरण आर्थिक वर्ष २०२५-२६ चं घेऊ, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. या वर्षाचं विवरणपत्र १९६१ च्या आयकर कायद्यानुसारच भरायचं आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि 'आकारणी वर्ष' ऐवजी 'कर वर्ष' हा शब्द आला आहे. हिशेबाची रीत मात्र तीच आहे.

गल्ला म्हणजे उत्पन्न नव्हे

तालुक्याच्या गावातलं एक स्टेशनरी-कटलरीचं दुकान डोळ्यांसमोर आणा. वर्षाची एकूण विक्री ३२,००,००० रुपये. त्यातले २०,००,००० रुपये यूपीआयने किंवा बँकेत आले आणि १२,००,००० रोख आले. आता कोणी म्हणेल, "अबब, ३२ लाख! कर किती बसेल?" पण ही नुसती विक्री झाली. नफा असा काढायचा :

१ एप्रिलला दुकानात असलेला माल : ३,२०,०००
वर्षभराची खरेदी : २३,६०,०००
३१ मार्चला उरलेला माल : ३,६०,०००
म्हणून विकलेल्या मालाची किंमत : ३,२०,००० + २३,६०,००० − ३,६०,००० = २३,२०,०००
ढोबळ नफा : ३२,००,००० − २३,२०,००० = ८,८०,०००

यातून दुकानाचे खर्च वजा करायचे. भाडं १,४४,०००, वीज ४२,०००, मदतनिसाचा पगार १,०८,०००, वाहतूक, दुरुस्ती आणि फर्निचरचा घसारा मिळून ४६,०००. एकूण ३,४०,०००. उरला निव्वळ नफा ५,४०,०००.

मुलांना इथे थांबवून विचारावं : उरलेला माल वजा का केला? कारण तो अजून विकलाच नाही. त्याचे पैसे खरेदीत गेले, पण तो पुढच्या वर्षी कमाई करणार आहे. म्हणूनच ३१ मार्चच्या संध्याकाळी माल मोजून यादी करणं, हे विवरणपत्राचं पहिलं पान समजावं.

काय धरायचं, काय नाही

बहुतेक गोंधळ या चार गोष्टींत होतो.

एक, घरखर्चासाठी गल्ल्यातून काढलेले पैसे. ही उचल आहे, दुकानाचा खर्च नाही. मुलांची फी, किराणा, लग्नाचा आहेर, सगळं याच खात्यात.

दोन, कर्ज. बँकेकडून पाच लाख आले तर ते उत्पन्न नाही, आणि हप्ता भरला तर तो सगळा खर्च नाही. दुकानासाठीच्या कर्जाचं व्याज तेवढं खर्चात जातं. मुद्दल म्हणजे आपल्याच अंगावरचं देणं फेडणं.

तीन, उधारी. माल दिला आणि पैसे यायचे आहेत, तरी साधारणपणे ती विक्री झालीच. उधारीची वही जपून ठेवा. विवरणपत्रात येणं किती आणि देणं किती, हे आकडे विचारतात.

चार, यूपीआय. दुकानाचा क्यूआर कोड घरच्या बचत खात्याला जोडलेला असतो. त्याच खात्यात मामाने पाठवलेले पैसे, भिशीचे पैसे आणि गिऱ्हाईकाचे पैसे एकत्र पडतात. वर्षाने कोणता आकडा कशाचा हे कोण सांगणार? म्हणून दुकानाचं खातं वेगळं असावं. याला खर्च काहीच नाही आणि निम्मं काम इथेच संपतं.

अनुमानित उत्पन्नाची सोय

सगळ्याच छोट्या व्यावसायिकांना इतका हिशेब जमत नाही, हे कायद्यालाही ठाऊक आहे. म्हणून कलम ४४एडी आहे. विक्री दोन कोटींपर्यंत असेल तर ही सोय घेता येते. रोखीने आलेली रक्कम एकूण जमेच्या पाच टक्क्यांहून जास्त नसेल तर मर्यादा तीन कोटी आहे. रोख विक्रीच्या किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या विक्रीच्या किमान ६ टक्के नफा धरायचा. दुकानाचे खर्च मग पुन्हा वजा करायचे नाहीत, ते त्यातच आले. यासाठी आयटीआर-४ म्हणजे 'सुगम' हा फॉर्म आहे, मात्र एकूण उत्पन्न ५० लाखांपेक्षा जास्त नसावं.

दलाली किंवा कमिशनवर चालणाऱ्या धंद्याला ही सोय नाही. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद अशा व्यावसायिकांसाठी वेगळं कलम आहे, ४४एडीए. त्यात जमेच्या किमान ५० टक्के उत्पन्न धरतात.

आपल्या दुकानाचं गणित :
१२,००,००० चे ८ टक्के = ९६,०००
२०,००,००० चे ६ टक्के = १,२०,०००
एकूण २,१६,०००

म्हणजे किमान २,१६,००० दाखवायला हवेत. खरा नफा मात्र ५,४०,००० आहे. आता काय लिहायचं?

कमीत कमी आकडा दाखवण्याचा मोह

गावोगावी सल्ला मिळतो, "टाका दोन-सव्वादोन लाख, कशाला नसता ताप!" म्हणून नीट बघू या, या सल्ल्याने वाचतं काय आणि जातं काय.

दुकानाचा खरा नफा ५,४०,००० आणि मुदत ठेवीचं व्याज १८,४०० मिळून एकूण उत्पन्न ५,५८,४००. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के. त्याच्या पुढे टक्केवारी वाढत जाते. आपला कर असा :

५,५८,४०० − ४,००,००० = १,५८,४००
त्याचे ५ टक्के = ७,९२०

आणि कलम ८७ए प्रमाणे करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंत सूट मिळते. ७,९२० त्यात पूर्ण बसतात. भरायचा कर शून्य.

२,१६,००० दाखवले असते तर? तरीही शून्यच. वाचला एक रुपयाही नाही.

गेलं काय ते बघा. पुढे मुलीला इंजिनिअरिंगला किंवा नर्सिंगला प्रवेश मिळतो आणि शैक्षणिक कर्जासाठी बँक पालकांची मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. खऱ्या आकड्याने या घराचं महिन्याचं उत्पन्न साधारण ४६,५०० दिसतं. दाबलेल्या आकड्याने ते १९,५०० च्या आसपास दिसतं. बँकेतले साहेब कागदावरच बोलणार. "साहेब, तसं उत्पन्न चांगलं आहे हो," हे तोंडी सांगून भागत नाही आणि मागच्या वर्षांचे आकडे आयत्या वेळी सोयीने वाढवता येत नाहीत. ज्या पालकाने कर वाचवला असं वाटलं, त्याने प्रत्यक्षात मुलीच्या कर्जाची पत कमी केलेली असते.

उलटी चूकही तितकीच वाईट. कर्ज मिळावं म्हणून नसलेलं उत्पन्न दाखवलं तर बँक पेलणार नाही एवढं कर्ज देईल आणि हप्ते खऱ्या गल्ल्यातूनच भरावे लागतील. शिवाय तहसीलच्या उत्पन्न दाखल्यावर एक आकडा आणि विवरणपत्रात दुसराच, असं झालं तर शिष्यवृत्तीच्या वेळी उत्तर द्यावं लागतं.

८ आणि ६ टक्के हे किमान दर आहेत. त्याहून जास्त नफा लिहायला फॉर्ममध्ये जागा आहे. जो आहे तोच आकडा तिथे लिहावा. नफा या दरांपेक्षा खरोखर कमी असेल तर तेही सांगता येतं. पण ही सोय एकदा घेतल्यावर पुढच्या पाच वर्षांत ती सोडून कमी नफा दाखवला, तर त्यानंतरची पाच वर्षं हे दार बंद होतं. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर हिशेबवह्या आणि लेखापरीक्षणही लागतं. अशा वेळी आयटीआर-३ हा फॉर्म येतो आणि सीएंचा सल्ला घ्यावा.

'बारा लाखांपर्यंत काहीच नाही' हा गैरसमज

१२ लाखांपर्यंत कर शून्य होतो तो सुटीमुळे. विवरणपत्र भरण्याची जबाबदारी ठरते ती मूळ करमुक्त मर्यादेवरून, म्हणजे नव्या प्रणालीत ४ लाखांवरून. आपल्या दुकानदाराचं उत्पन्न ५,५८,४०० आहे, म्हणून कर शून्य असूनही विवरणपत्र भरायलाच हवं. धंद्याची विक्री ६० लाखांच्या वर असेल, तर उत्पन्न मर्यादेच्या आत असलं तरी भरावं लागतं.

मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं विवरणपत्र भरता येतं, पण विलंब शुल्क ५,००० रुपयांपर्यंत असतं. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये. मूळ मुदतीची तारीख दरवर्षी आयकर खात्याच्या संकेतस्थळावरच बघावी, व्हॉट्सअॅपवर नव्हे. ज्यांना खरोखर कर बसतो आणि तो १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त आहे, त्यांनी ४४एडीखाली असताना १५ मार्चपर्यंत सगळा अग्रिम कर एकदम भरायचा असतो.

जुनी प्रणाली की नवी?

आता नवी प्रणाली आपोआप लागू असते. जुनी हवी असेल तर धंद्याचं उत्पन्न असणाऱ्यांना मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. नोकरदार दरवर्षी इकडून तिकडे जाऊ शकतो, दुकानदाराला ते जमत नाही. एकदा जुनीत जाऊन पुन्हा नवीत आला, की धंदा चालू असेपर्यंत परत जुनीत जाता येत नाही.

जुन्या प्रणालीत कलम ८०सी खाली दीड लाखांपर्यंत वजावट मिळते. त्यात विमा, पीपीएफ आणि दोन मुलांची शिकवणी शुल्क म्हणजे शाळा-कॉलेजची ट्यूशन फी धरतात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट कलम ८०ई खाली असते, तीही जुन्याच प्रणालीत. आपल्या उदाहरणात नव्या प्रणालीत कर शून्यच आहे, त्यामुळे जुनीत जाण्याचं कारण नाही.

भरताना क्रम

१. पॅन आणि आधार जोडलेलं आहे ना, मोबाईल क्रमांक चालू आहे ना, ते पाहा.
२. सगळ्या बँक खात्यांचे वर्षभराचे उतारे काढा. यूपीआयची आणि रोख विक्री वेगळी लिहा.
३. पोर्टलवरून फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस उतरवून घ्या. बँकेचं व्याज, कापलेला कर, मोठे व्यवहार खात्याला आधीच कळलेले असतात. आपल्या वहीशी ते ताडून बघा. एखादी नोंद चुकीची असेल तर तिथेच प्रतिसाद नोंदवता येतो.
४. ३१ मार्चचे चार आकडे तयार ठेवा : शिल्लक माल, येणं, देणं, हातातली रोकड.
५. व्याजाचं उत्पन्न 'इतर स्रोत' मध्ये लिहा. ते नफ्यात मिसळू नका.
६. विवरणपत्र सादर केल्यावर ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी करा. आधारच्या ओटीपीने ती मिनिटात होते. पडताळणी राहिली तर विवरणपत्र भरलंच नाही असं धरतात.

फॉर्म भरायला मदत जरूर घ्या. पण सही किंवा ओटीपी देण्याआधी तीन आकडे स्वतः वाचा : एकूण विक्री, दाखवलेला नफा, आणि घेतलेल्या वजावटी. न घेतलेल्या विम्याची किंवा न दिलेल्या देणगीची वजावट दिसली तर ती काढायला सांगा. भरणारा कोणीही असो, जबाबदारी ज्याच्या नावावर पॅन आहे त्याची.

वर्गासाठी

या प्रकरणासोबत मुलांना एक काम देता येईल. घरचे खरे आकडे मागू नयेत, ती प्रत्येक घराची खासगी गोष्ट आहे. एक काल्पनिक दुकान द्यावं. महिन्याच्या वीस नोंदी द्याव्यात : खरेदी, रोख विक्री, यूपीआय, उधारी, घरासाठी उचल, कर्जाचा हप्ता, मामाने पाठवलेले पैसे. मुलांनी प्रत्येक नोंद योग्य रकान्यात टाकायची आणि शेवटी नफा काढायचा. कर काढणं हा या कामाचा सर्वांत छोटा भाग आहे, हे त्यांच्याच लक्षात येईल.

आणि पालकांनी आजच एक गोष्ट करावी. एक जाड फाईल घ्यावी. तीत दरवर्षीची पोचपावती, उत्पन्नाचं गणित आणि ३१ मार्चची मालाची यादी लावत जावी. मुलगी दहावीत असताना लावलेले हे कागद, ती बारावी होऊन बँकेच्या दारात उभी राहील तेव्हा उपयोगी पडतील.