‘का’ नसलेला प्रश्न: पोर्तुगीज आणि आपलं ‘कायले’

आजच्या एपिसोडची सुरुवात माझ्याच एका घोळापासून.

मी अमरावतीत घरूनच काम करतो. टीममधले काही जण ब्राझीलचे. एका रात्री चॅटवर मेसेज आला, ‘एस्ता प्रोन्तो’. मला वाटलं, ‘तयार आहे’. दिलं रिलीज करून! सकाळी कळलं, तो विचारत होता, ‘तयार आहे का?’ गड्यानं प्रश्नचिन्हच टाकलं नव्हतं. ग्राहकांची साइट रात्रभर बंद.

काऊन झालं असं? आपण हो-नाहीच्या प्रश्नाला ‘का’ लावतो: ‘येतं का?’ पोर्तुगीजमध्ये तसा शब्द लावावा लागत नाही. वाक्य तेच, फक्त सूर चढतो. लिहिताना सगळा भार प्रश्नचिन्हावर. उत्तर मात्र आपल्यासारखंच. आपण ‘आहे का?’ला ‘आहे’ म्हणतो, तेही ‘एस्ता?’ला ‘एस्ता’ म्हणतात. क्रियापदच परत म्हणायचं.

आता प्रश्नाचे शब्द. केंय म्हणजे कोण, ओंजी म्हणजे कुठे, क्वांदु केव्हा, कोमु कसं. क्वांतु म्हणजे किती, पण तो बदलतो: किती मुलगे विचारताना क्वांतुस, किती मुली विचारताना क्वांतास. आपलं ‘किती’ आहे तसंच राहतं. आणि नाव विचारताना ते ‘काय’ म्हणत नाहीत, ‘क्वाउ’ म्हणतात, म्हणजे ‘कोणतं’.

माझा आवडता शब्द ‘पोर के’, म्हणजे का. ‘पोर’ म्हणजे साठी, ‘के’ म्हणजे काय. अरे, हे तर आपलं ‘कायले’! काय अधिक ले. अकोल्याची माझी आजी रोज विचारते, “कायले गेलता बाहेर?” पुण्यात नोकरीला असताना लोक हसतील म्हणून मी हे शब्द गिळून टाकायचो.

पोर्तुगीज काही फक्त ब्राझीलची नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात कोर्लई गाव आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये तिथून गेले, पण तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या घरात पोर्तुगीजपासून घडलेली भाषा राहिली. मराठीच्या शेजारानं तिचं क्रियापदही वाक्याच्या शेवटी आलं. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. एका गावानं एवढी वर्षं आपली भाषा सांभाळली, अन् मी चार वर्षांत ‘कायले’ लपवलं!

आता दोन नियम पाळतो. चॅटवर शंका आली की आधी उलटं विचारतो, मगच रिलीज. आणि मीटिंग संपल्यावर आजीला फोन लावतो, आपल्या वऱ्हाडीत.

तुमच्या घरी ‘का’ला काय म्हणतात? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला!