डोंगरावरची पुस्तके आणि उतरणीची पाने

"डॉक्टर, सकाळी चालायला जा म्हणता, पण अंथरुणातून उठवतच नाही. उठावंसं वाटेल असं काहीतरी द्या!" असे म्हणणारे पेशंट दर आठवड्याला एक-दोन तरी भेटतात. मधुमेहाची गोळी लिहून देणे सोपे असते; पहाटे साडेपाचला उठण्याची इच्छा कोणत्याच कंपनीच्या गोळीत मिळत नाही. यांपैकी ज्यांना वाचनाची आवड आहे त्यांना मी डोंगरावरची पुस्तके सुचवतो. साताऱ्यात राहणाऱ्याला घरातून बाहेर पडले की समोर अजिंक्यतारा दिसतो. त्यामुळे पुस्तक मिटल्यावर पुढे काय करायचे हा प्रश्न उरत नाही.

वाचताना एक पथ्य मात्र पाळावे. शिखर गाठल्याचे पान वाचून अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. पण पुस्तक तिथे मिटू नये. खरे वैद्यकशास्त्र पुढच्या, म्हणजे उतरणीच्या पानांत असते.

सुरुवात मराठीतून करावी. गो. नी. दांडेकरांची 'दुर्गभ्रमणगाथा' ज्यांनी वाचली नसेल त्यांनी आधी ती वाचावी. गडावर जाण्याची ओढ लावणारे असे पुस्तक आपल्या भाषेत दुसरे क्वचितच असेल. प्रत्यक्ष निघताना तयारी काय करावी, यासाठी आनंद पाळंदे यांचे 'डोंगरयात्रा' जवळ असू द्यावे. पुढची बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत. ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांनी घरातल्या कॉलेजकुमाराला वाचून दाखवायला बसवावे. त्याचाही मोबाइल तेवढा वेळ बाजूला राहील.

पळणाऱ्यांसाठी माझी पहिली शिफारस रिचर्ड अ‍ॅस्क्विथ यांच्या 'फीट इन द क्लाउड्स' (२००४) या पुस्तकाची. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत, वाट असो वा नसो, चढायचे आणि उतरायचे असा पळण्याचा एक जुना प्रकार आहे. १९३२ साली केझिक गावात गेस्ट हाउस चालवणाऱ्या बॉब ग्रॅहम नावाच्या गृहस्थाने २४ तासांच्या आत ४२ शिखरे पार करून गावात परत येऊन दाखवले. वय ४२, पायात साधे टेनिसचे बूट! ती फेरी १०० किलोमीटरपेक्षा जास्त असून तिच्यातला एकूण चढ सुमारे ८,२०० मीटर भरतो. अ‍ॅस्क्विथ हे पत्रकार. शहरात नोकरी करणारा हा माणूस तीच फेरी पुरी करायला निघतो, अपयश घेतो आणि पुन्हा निघतो. म्हणूनच हे पुस्तक आपल्यासारख्यांना जवळचे वाटते.

याच पुस्तकात जॉस नेलर भेटतो. हा वास्डेलचा मेंढपाळ. लहानपणापासून पाठीचे दुखणे, त्यासाठी तरुणपणी ऑपरेशनही झालेले. १९७५ साली त्याने एका दिवसात ७२ शिखरे केली. पुढे २००६ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, २४ तासांच्या आत ७० शिखरे केली. २०२४ साली ८८ व्या वर्षी तो वारला. 'माझी पाठ दुखते, मला व्यायाम चालायचा नाही' म्हणणाऱ्यांना मी नेलरची गोष्ट सांगतो. त्यांनीही उद्यापासून पळत सुटावे असे मात्र मी सांगत नाही. नेलरचे पाय जन्मभर मेंढरांमागे हिंडून तयार झाले होते.

आपल्याकडे २०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते. पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढायचा, पुढचा अर्धा उतरायचा. स्पर्धेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना कठडा धरणारी तरुण मुले दिसतात. दुखते कुठे, तर मांडीच्या पुढच्या बाजूला. चढताना दम लागतो, पण स्नायू उतरताना जास्त दुखावतो. कारण चढताना तो आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार ब्रेकसारखा अडवून धरत असतो. त्यात त्याचे सूक्ष्म तंतू इजा पावतात आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. यावर उपाय म्हणजे स्पर्धेच्या आधी काही आठवडे थोडी थोडी उतरण पळणे. स्नायू ही शिकवणी बरेच दिवस लक्षात ठेवतात. पळण्याआधी दुखण्याची गोळी घेण्याची फॅशन निघाली आहे, ती सोडावी. घाम गाळलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. पळल्यानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावे.

आता बर्फाकडे वळू. मोरिस एर्झोग यांचे 'अन्नपूर्णा' हे गिर्यारोहणावरचे गाजलेले पुस्तक. ३ जून १९५० रोजी एर्झोग आणि लुई लाशनाल हे ८,०९१ मीटर उंचीच्या अन्नपूर्णेवर पोहोचले. ८,००० मीटरवरचे शिखर माणसाने गाठण्याची ती पहिलीच वेळ, आणि तीही प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय. शिखरावर एर्झोगना विलक्षण आनंद झाला. डॉक्टरच्या नजरेने वाचले तर त्या आनंदात प्राणवायूला भुकेल्या मेंदूचाही वाटा असणार. कारण लगेच पुढे, उतरताना, त्यांचे हातमोजे काढून ठेवलेले घरंगळत गेले. पाठीवरच्या पिशवीत जादा पायमोजे होते, ते हातात घालता आले असते. पण ते सुचलेच नाही. उंचीवर बुद्धी कशी चालेनाशी होते याचे इतके बोलके उदाहरण वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही.

दुसऱ्या रात्री ते बर्फाच्या भेगेत अडकले. हातपाय गोठले. साथीदारांनी रक्त वाहते करण्यासाठी ते चोळले, दोराच्या टोकांनी बडवले. आज आम्ही याच्या नेमके उलटे सांगतो. गोठलेला भाग चोळू नये, शेकोटीवर शेकू नये. पुन्हा गोठण्याची भीती नसेल तरच तो अंगाच्या उष्णतेइतक्या कोमट पाण्यात ठेवावा. एर्झोगनी पायाची सगळी बोटे आणि हाताची बहुतेक बोटे गमावली आणि हे पुस्तक हॉस्पिटलमध्ये पडून तोंडी सांगितले. लाशनाल हा व्यवसायाने वाटाड्या, पायांवर पोट भरणारा. त्याला चढतानाच पायांची काळजी वाटत होती, परत फिरायचे होते. पण एर्झोग एकटे पुढे जातील म्हणून तो गेला. त्याच्याही पायाची सगळी बोटे गेली. त्याच्या मूळ नोंदी १९९६ साली जशाच्या तशा छापल्या गेल्या आणि फ्रान्समध्ये बराच वाद झाला. माझे मत विचाराल तर त्या दोघांत शहाणा लाशनाल.

१९९६ च्याच मे महिन्यात एव्हरेस्टवर वादळात ८ जण मरण पावले. तेव्हा तिथे असलेले पत्रकार जॉन क्राकाउर यांनी 'इन्टू थिन एअर' (१९९७) लिहिले. दुपारी एक, फार तर दोन वाजले की जिथे असाल तिथून मागे फिरायचे, असे आधी ठरले होते. प्रत्यक्षात कित्येक जण त्यानंतरही वर चढत राहिले. त्याच तुकडीतले तिघे सकाळी साडेअकराच्या सुमारासच मागे फिरले आणि सुखरूप राहिले. त्या तिघांपैकी दोघे डॉक्टर होते! पण आमच्या व्यवसायाने लगेच कॉलर ताठ करू नये. तुकडीतले आणखी एक डॉक्टर, बेक वेदर्स, यांचे पूर्वी डोळ्यांचे ऑपरेशन झाले होते. उंचीवर त्यांना दिसेनासे झाले, ते वादळात सापडले आणि त्यांना एक हात आणि नाक गमवावे लागले.

याचा आपल्याशी काय संबंध, असे वाटेल. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून उंच आहे आणि आता हेलिकॉप्टर काही मिनिटांत तिथे सोडते. डोके दुखणे, मळमळ, झोप न येणे ही उंचीची पहिली सूचना असते. मग तिथेच थांबावे, आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले तर रात्र असली तरी खाली आणावे. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. इतक्या लांबून आलो, दर्शन न घेता कसे परतायचे, या विचाराने जो गोंधळ होतो तोच एव्हरेस्टवर दुपारी दोननंतर झाला होता.

विज्ञानाची आवड असलेल्यांनी हॅरिएट टकी यांचे 'एव्हरेस्ट : द फर्स्ट अ‍ॅसेंट' (२०१३) वाचावे. १९५३ च्या मोहिमेतले शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांचे हे चरित्र त्यांच्या मुलीने लिहिले आहे. वर प्राणवायू किती घ्यावा, बर्फ वितळवून रोज तीन-चार लिटर पाणी पोटात का गेले पाहिजे, हे प्यू यांनी मोजून ठरवले. तेनसिंग-हिलरींची नावे जगभर झाली, प्यू मागे राहिले. वडिलांवर चिडलेल्या मुलीने ते लिहिले असल्यामुळे चरित्र कुठेही गोडगोड नाही.

अरुणिमा सिन्हा यांचे 'बॉर्न अगेन ऑन द माउंटन' तर पाय गमावलेल्या प्रत्येक पेशंटच्या हाती द्यावे. २०११ साली रेल्वेतून ढकलले गेल्याने एक पाय गेला, आणि २०१३ साली त्या एव्हरेस्टवर होत्या.

ज्यांचे हृदय अशक्त आहे, ज्यांना चढ मना केला आहे, त्यांनी नॅन शेफर्ड यांचे 'द लिव्हिंग माउंटन' वाचावे. स्कॉटलंडमधल्या या शिक्षिकेला शिखराची घाई नाही. डोंगरातले पाणी, वारा, गवत यांत ती रमते. छोटेसे पुस्तक आहे, रोज दोन पाने पुरतात.

आणि सक्तीची विश्रांती घेणाऱ्यांसाठी बोमन यांचे 'द अ‍ॅसेंट ऑफ रम डूडल' (१९५६). ही एका काल्पनिक मोहिमेची थट्टा आहे. मोहिमेचा डॉक्टरच सतत कोणत्या ना कोणत्या रोगाने आजारी असतो. हर्नियाच्या ऑपरेशनवाल्यांनी मात्र टाके निघेपर्यंत ते हातात घेऊ नये.