पाव मिलिमीटरची फट

ट्रकच्या टर्बोचार्जरमधलं तळहातावर मावणारं चक्र पाहिलं की वाटतं, हे मोठ्या टर्बाइनचं खेळणं. मोठ्याची मापं दहापट कमी केली की झालं छोटं. रेडियल टर्बाइनबद्दलचा, म्हणजे ज्यात वायू परिघावरून आत शिरतो, वळणदार पात्यांमधून मध्याकडे येतो आणि शाफ्टच्या दिशेने बाहेर पडतो त्याबद्दलचा, सगळ्यात चिवट गैरसमज हाच.

मापं लहान होतात, फट होत नाही. पाती कवचाला घासू नयेत म्हणून मध्ये जागा सोडावीच लागते. चक्र तापून फुगतं, बेअरिंगमध्ये शाफ्ट किंचित हलतो. ही जागा पाव मिलिमीटर धरा. पात्याची उंची 100 मिलिमीटर असेल तर ती पाव टक्का, 10 मिलिमीटर असेल तर अडीच टक्के. त्या फटीतून वायू पात्याला चुकवून निसटतो.

बरं, फट सगळीकडे सारखीच महाग पडते असंही नाही. सुमारे 15 सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावरच्या चाचण्यांचे निष्कर्ष नासाने 1970 साली प्रसिद्ध केले. वायू बाहेर पडतो त्या टोकाची फट तिथल्या मार्गाच्या उंचीच्या 1 टक्क्याने वाढली की कार्यक्षमता सुमारे 1.6 टक्के घसरत होती. आत शिरण्याच्या बाजूला तेवढीच फट वाढली तर जेमतेम 0.15. म्हणजे शाफ्ट थोडा मागेपुढे सरकला तर परवडतं, आडवा डुलला तर नाही. पात्यांच्या आकारावर महिनोन्‌महिने संगणक राबवून बेअरिंग मात्र कॅटलॉगमधून उचलणाऱ्यांनी हे दोन आकडे टेबलासमोर चिकटवावेत.

दुसरी भीती वेगाची. कॅपस्टोन कंपनीचं 30 किलोवॅटचं मायक्रोटर्बाइन मिनिटाला 96,000 फेरे घेतं. ऐकूनच चिंधड्या डोळ्यांसमोर येतात! पण चक्रावरचा ताण फेऱ्यांवर नाही, परिघाच्या वेगावर ठरतो, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. परिघाचा वेग सेकंदाला 500 मीटर हवा असेल तर 10 सेंटिमीटरच्या चक्राला सुमारे 95,000 फेरे लागतात, एक मीटरच्या चक्राला 9,500. आकार आणि धातू तेच असतील तर दोघांवरचा ताणही तोच. आणि सावधगिरी म्हणून वेग निम्मा केला तर? परिघाचा वेग वायूच्या आदर्श वेगाच्या (म्हणजे त्याची सगळी उपलब्ध ऊर्जा वेगात बदलली तर मिळणाऱ्या वेगाच्या) सुमारे 0.7 पट असताना हे टर्बाइन उत्तम चालतं. निम्म्या वेगावर कार्यक्षमताच हातची जाते.

वायू पात्यांवर अगदी सरळ रेषेत यावा, हा समजही शाळेतल्या आकृतीतून आलेला. सरळ त्रिज्येवरच्या पात्यांना तो 20 ते 40 अंश तिरका आलेलाच मानवतो.

राहिला टक्क्यांचा गोंधळ. अलास्कात चेना इथे 2006 साली 74 अंश सेल्सिअसच्या भूगर्भीय पाण्यावर वीज बनू लागली. कार्यक्षमता साधारण 8 टक्के. ‘एवढंच? मग टर्बाइन फालतू असणार!’ तसं नाही. 74 अंशांचं गरम आणि 4 अंशांचं थंड पाणी यांच्यात कार्नोच्या नियमाची कमाल मर्यादाच 20 टक्क्यांची. टर्बाइनची कार्यक्षमता वेगळी, अख्ख्या चक्रप्रक्रियेची वेगळी.

गंमत म्हणजे चेनाचं टर्बाइन मुळात वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर होता, उलटा फिरवलेला. मग कोणताही टर्बो जनरेटरला जोडता येईल? इथे घाई नको. चेनात त्या वातानुकूलन यंत्रातलाच आर-134ए हा द्रव वापरला, त्यामुळे दाब आणि वेग यंत्राच्या ओळखीचे राहिले. शिवाय वायूला दिशा देणारी नोझलं नव्याने बसवली. ट्रकचा टर्बो इंजिनच्या धक्क्याधक्क्याने येणाऱ्या धुरासाठी आणि चटकन वेग घेण्यासाठी घडवलेला असतो. बहुतेकांत नोझलं नसतातच.

चेनात त्याआधी वीज डिझेल जाळून व्हायची.