बंदराच्या धुराचा जमाखर्च

पुण्याला समुद्र नाही ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात जितकी खरी आहे, तितकी व्यापाराच्या दप्तरात नाही. सातवाहनांच्या काळी जुन्नरच्या पेठेतला माल नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे जात असे. पुढे बोरघाटाने तेच काम पत्करले, १८६३ साली त्या घाटातून आगगाडी धावू लागली, आणि आज चाकण, रांजणगाव व तळेगाव येथील कारखान्यांत तयार होणाऱ्या मोटारी, सुटे भाग आणि यंत्रे, तशीच नारायणगावकडची द्राक्षे, लोखंडी पेटाऱ्यांत बंद होऊन घाट उतरतात व उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरातून जगाच्या वाटेला लागतात. म्हणून त्या बंदरातला धूर कमी व्हावा, किंबहुना समूळ नाहीसा व्हावा, अशी जी खटपट सांप्रत चालू आहे, ती पुणेकराने परगावची वार्ता म्हणून वाचून सोडून देण्याजोगी नाही.

हे बंदर वयाने लहान आहे. मुंबई बंदराचा ट्रस्ट १८७३चा, तर न्हावाशेव्याचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. परंतु देशातील प्रमुख बंदरांत जेवढे कंटेनर हाताळले जातात त्यांपैकी सुमारे निम्मे आज या एका ठिकाणी हाताळले जातात, आणि २०२४-२५ या वर्षात त्यांची संख्या वीस फुटी पेटाऱ्यांच्या हिशेबाने ७३ लाखांच्या घरात गेली. एवढी उलाढाल जेथे अहोरात्र चालते तेथे इंधन किती ठिकाणी आणि किती परींनी जळते, याची सामान्य वाचकाला सहसा कल्पना नसते. धक्क्याला लागलेले जहाज थांबलेले दिसते, पण त्याच्या पोटातली जनित्रे चालूच असतात, कारण दिवे, पंप, खलाशांच्या खोल्या आणि विशेषतः शीतपेटारे यांना एक मेगावॉटपासून अनेक मेगावॉटपर्यंत वीज अखंड लागते. जहाजाला ओढून धक्क्याशी आणणारे टग डिझेलवर चालतात. यार्डातल्या रबरी चाकांच्या उंच क्रेन, ज्यांना तेथील कामगार ‘आरटीजी’ म्हणतात, त्यांच्यावरही मुळात डिझेलची जनित्रेच बसवलेली असत. धक्का आणि यार्ड यांच्यामध्ये घिरट्या घालणारे ट्रॅक्टर-ट्रेलर निराळे, आणि गेटबाहेर रांगेत इंजिन चालू ठेवून उभे राहिलेले बाहेरगावचे ट्रेलर आणखी निराळे.

यांपैकी यार्डातले काम विजेवर आणणे त्यातल्या त्यात सुलभ आहे. धक्क्यावरच्या अजस्र क्रेन बहुधा विजेवरच चालतात. आरटीजीलाही केबल किंवा वीजपट्टी जोडून तिचे डिझेल जनित्र बंद ठेवता येते, आणि अशा क्रेन न्हावाशेव्यात आहेतही. हॉलंडमधील रॉटरडॅम बंदराच्या मासव्लाक्टे विभागात तर २०१५ साली असे टर्मिनल उघडले की ज्यात पेटारा उतरवून रचण्यापर्यंतची यंत्रे विजेवर चालतात आणि ती वीज पवनचक्क्यांकडून घेतलेली असते. आपल्याकडे केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये ‘हरित सागर’ या नावाने जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांत प्रमुख बंदरांनी दर टन मालामागे होणारे कार्बन उत्सर्जन २०३०पर्यंत ३० टक्क्यांनी आणि २०४७पर्यंत ७० टक्क्यांनी घटवावे, तसेच आपल्या विजेपैकी ६० टक्के वीज २०३०पर्यंत नवीकरणीय स्रोतांतून घ्यावी, अशी मुदत घालून दिली आहे. हरित टगांच्या योजनेत पहिल्या टप्प्यासाठी जी चार बंदरे निवडली गेली, त्यांत न्हावाशेवा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथे बॅटरी बदलता येणाऱ्या ५० अवजड विद्युत ट्रकांचा ताफा दाखल झाला, आणि बंदराच्या हद्दीत फिरणाऱ्या सुमारे ६०० अवजड वाहनांपैकी ९० टक्के वाहने डिसेंबर २०२६पर्यंत विजेवर आणण्याचा संकल्प जाहीर करण्यात आला. बॅटरी बदलण्याची ही तजवीज मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. जे वाहन तिन्ही पाळ्यांत राबते, त्याला चार्जिंगसाठी तासन्‌तास उभे करणे बंदराला परवडत नाही.

जहाजाची गोष्ट याहून बिकट आहे. धक्क्याला लागल्यावर जहाजाने आपली जनित्रे बंद करून किनाऱ्यावरची वीज घ्यावी ही कल्पना ऐकायला सोपी वाटते, परंतु आपली वीज ५० हर्ट्‌झची आणि बहुसंख्य मोठ्या जहाजांची यंत्रणा ६० हर्ट्‌झची, शिवाय दाब ६,६०० व्होल्टचा. तेव्हा मध्ये वारंवारिता बदलणारे महागडे उपकरण बसवावे लागते, उपकेंद्र वाढवावे लागते, आणि जहाजावरही जोडणीची सोय असावी लागते. स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदराने मालवाहू जहाजांसाठी उच्च दाबाची अशी सोय २००० साली केली, लॉस एंजलिसने २००४ साली कंटेनर जहाजांसाठी केली. तरीही ही पद्धत रूढ झाली ती कॅलिफोर्निया राज्याने २०१४पासून सक्ती केली तेव्हा. युरोपातील मोठ्या बंदरांत कंटेनर व प्रवासी जहाजांवर हेच बंधन २०३०पासून येत आहे. सक्तीवाचून काय होते ते उघड आहे: जहाजवाला म्हणतो धक्क्यावर वीज नाही, बंदरवाला म्हणतो जहाजात जोडणी नाही, आणि दोघांचे म्हणणे एकाच वेळी खरे असल्यामुळे कोणालाच दोष देता येत नाही. गोव्याच्या मुरगाव बंदराने २०२३ साली दुसरा मार्ग धरला. जहाज जितके स्वच्छ तितकी बंदराच्या शुल्कात सूट, असा तो ‘हरित श्रेय’ योजनेचा प्रकार आहे.

येथपर्यंतचे सारे विवेचन एका गृहीतावर उभे आहे, ते म्हणजे वीज निर्धूर असते. आणि हे गृहीत तपासून पाहिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. भारतातील विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशातून निघते. विजेची मोटार डिझेल इंजिनापेक्षा मिळालेल्या ऊर्जेचा पुष्कळच अधिक उपयोग करून घेते आणि बंदरालगतच्या वस्तीची हवा तत्काळ सुधारते, हे निर्विवाद आहे. तथापि उरणची क्रेन कोळशाच्या विजेवर चालवून तिला शून्य उत्सर्जनाची म्हणणे म्हणजे आपल्या अंगणातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटून घर झाडल्याचा आव आणणे होय, कारण तो धूर मग चंद्रपूर किंवा कोराडीच्या आकाशात उठतो आणि तेथल्या माणसाच्या छातीत जातो. म्हणून बंदराने वीज घेतली एवढ्याने भागत नाही. ती कोठून घेतली याचा करारनामा पाहावा लागतो. महाराष्ट्राला या बाबतीत निसर्गाने अनुकूलता दिली आहे: सूर्य आठ महिने तळपतो, आणि जेव्हा ढगांमुळे सौर वीज घटते त्याच पावसाळ्यात साताऱ्याकडच्या चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर वारा सर्वांत जोराने वाहतो. पवनचक्क्या उभारणाऱ्या सुझलॉन कंपनीचे मुख्यालय पुण्यातच, हडपसरला आहे. उरतो प्रश्न रात्रीचा आणि निर्वाताचा, आणि त्यासाठी साठवणुकीची सोय लागते. हाच भाग आज सर्वांत खर्चाचा आहे.

निर्धूर विजेचेही एक देणे असते, आणि ते पुणे जिल्ह्याला कोणी निराळे सांगायला नको. मुळशीचे पाणी सह्याद्रीपलीकडे भिरा येथे सोडून १९२७पासून टाटांच्या वीजगृहात जी वीज निघते, तिला धूर नाही. पण त्या धरणाखाली मावळातल्या ज्या गावांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यासाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली सत्याग्रह करावा लागला, आणि धरण तरीही झाले. न्हावाशेव्याचे बंदर उभे राहताना शेवा कोळीवाड्याचे लोक उठवून हनुमान कोळीवाड्यात बसवले गेले, आणि त्यांच्या पुनर्वसनाची तक्रार आजतागायत मिटलेली नाही. पालघर जिल्ह्यात वाढवण येथे सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या नव्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. ते बंदर आरंभापासून हरित व्हावे असे बोलले जाते, आणि नव्या बांधकामात जोडण्या प्रथमच घालणे स्वस्त पडते हे खरे. पण किनाऱ्यावरचा मच्छीमार जेव्हा समुद्रात भर घालण्याला हरकत घेतो, तेव्हा त्याचा प्रश्न धुराचा नसून मासेमारीच्या जागेचा असतो, आणि त्या प्रश्नाला सौर पॅनेल हे उत्तर होऊ शकत नाही.

धक्का सोडल्यावर जहाजाचे काय, हा प्रश्न बंदराच्या हद्दीबाहेरचा वाटला तरी त्याचेही उत्तर अखेर बंदरालाच द्यावे लागणार आहे, कारण नवे इंधन भरायचे तेथेच. जगातील हरितगृह वायूंच्या सुमारे तीन टक्क्यांना सागरी वाहतूक कारण होते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०५०च्या सुमारास निव्वळ शून्याचे ध्येय २०२३ साली स्वीकारले, पण त्यासाठी दंड आणि आकारणीची जी चौकट योजली होती तिच्यावरचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर पुढे ढकलला गेला. मिथेनॉलवर चालू शकणारे पहिले कंटेनर जहाज २०२३ साली पाण्यात आले. अमोनियाचाही विचार चालू आहे. अमोनिया उणे ३३ अंशांवर द्रवरूप होतो, त्यात कार्बन नाही, पण तो विषारी आहे, आणि उरणसारख्या दाट वस्तीच्या तालुक्यात तो साठवायचा तर सुरक्षेचा बंदोबस्त आधी आणि नफ्याचा विचार नंतर, हा क्रम बदलता येणार नाही. हायड्रोजनच्या बाबतीत पुण्याने आपला हातभार लावला आहे: केपीआयटी ही येथील कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी सिद्ध केलेली इंधनघटावरची बस २०२२ साली येथेच धावली, आणि कोचीन शिपयार्डने बांधलेल्या छोट्या हायड्रोजन नौकेतही केपीआयटीचा सहभाग होता. नौका लहान आहे, आणि महासागर ओलांडणाऱ्या जहाजापर्यंतचा पल्ला लांब आहे.

सहसा कोणाच्या ध्यानी न येणारी एक गोष्ट खडकवासल्याला घडते. १९१६ साली मुंबई इलाख्यात सुरू झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आज तेथे आहे, आणि देशातील बंदरांच्या छोट्या प्रतिकृती पाण्यात उभारून भरती-ओहोटीत गाळ कोठे बसेल याचा अभ्यास तेथील शास्त्रज्ञ करीत आले आहेत. खाडीच्या मुखाशी बसणारा गाळ उपसण्यासाठी ड्रेजर चालवावे लागतात आणि तेही तेलच पितात. म्हणजे धक्का कोठे आणि किती कोनात बांधला, मार्गिका कोणत्या दिशेने खोदली, या आरंभीच्या निर्णयांतून पुढील पन्नास वर्षांच्या इंधनाचा बराच निवाडा होऊन जातो. न उपसाव्या लागलेल्या गाळाइतके स्वच्छ इंधन दुसरे नाही.

आता घाटाकडे येऊ. चाकणहून न्हावाशेव्यापर्यंतच्या वाटेतला धूर बंदराच्या वहीत येत नाही, कारण तो गेटबाहेरचा. कारखान्याच्या वहीतही तो ठळकपणे येत नाही, कारण शेअर बाजारातील पहिल्या हजार कंपन्यांना जो पर्यावरणविषयक अहवाल द्यावा लागतो त्यात मालवाहतुकीसारखे बाहेरचे उत्सर्जन अजून ऐच्छिक सदरात आहे. मुंबई-पुणे लोहमार्ग तर १९२९-३०च्या सुमारासच विजेवर आला, आणि चिंचवड व तळेगाव येथे कंटेनर डेपो आहेत. तरी बहुतेक पेटारे रस्त्याने जातात, कारण ट्रेलर दारात येतो आणि रेल्वेसाठी माल डेपोपर्यंत नेऊन गाडीची वाट पाहावी लागते. वास्तविक आपली निर्यात घाट उतरते, आणि विद्युत ट्रक किंवा इंजिन भरल्या ओझ्यासह उतरताना ब्रेकमधून काही वीज परत मिळवू शकते. इतकी अनुकूल उतरण फार थोड्या कारखानदारी शहरांना लाभली असेल.

युरोपने १ जानेवारी २०२४पासून आपल्या कार्बन बाजारात जहाजांनाही आणले आहे आणि बाहेरून युरोपात येणाऱ्या जहाजाच्या प्रवासातील निम्मे उत्सर्जन त्या हिशेबात धरले जाते. अर्थात नारायणगावच्या द्राक्षांच्या पेटाऱ्यावर समुद्रातल्या धुराची आकारणी होऊ लागली आहे, आणि उद्या ती बोरघाटातल्या धुरावरही होणारच नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शून्य उत्सर्जनाचे बंदर म्हणजे ज्याच्या कुंपणाच्या आत धूर दिसत नाही ते, अशी व्याख्या केली तर न्हावाशेवा काही वर्षांत त्या पदवीला पात्र ठरेल. पण चाकणच्या दारापासून जहाजाच्या अखेरच्या धक्क्यापर्यंत, आणि वीज जेथे निघते त्या गावापर्यंत हिशेबाची हद्द वाढवली, तर आज आरंभ झाला आहे एवढेच म्हणता येईल. ही हद्द वाढवण्याचा हुकूम बंदराकडून येणार नाही, त्याचा त्याला अधिकारही नाही. ज्यांचा माल तेथून जातो त्या पुण्याच्या कारखानदारांनी वाहतुकीची निविदा काढताना किमतीबरोबर इंधनाचेही एक कलम घालावे आणि त्या धुराची नोंद आपल्या वार्षिक अहवालात घ्यावी, एवढे त्यांच्या हाती आजही आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.