जुनी बॅटरी टाकू नका, बल्ब बदला



या अंकात उसाच्या जाती किंवा खतांच्या मात्रा यांविषयी न लिहिता आम्ही एका साध्या वस्तूविषयी लिहीत आहोत. ती म्हणजे घराघरात खुंटीला टांगलेली दोन किंवा तीन सेलची बॅटरी. ऊस आणि बॅटरी यांचा संबंध काय, असे एखादा शहरातला माणूस विचारील. दारे धरणाऱ्याला तो सांगावा लागत नाही. शेतीपंपाची वीज पाळीने येते, आणि पाळी रात्रीची असली की पाणीही रात्रीच पाजावे लागते. दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली; ती जिथे पोचली तिथली जागरणे कमी झाली. तरीपण रात्री मोटार चालू करणे, दारे मोडणे, हंगामात रात्रीच्या गाड्या भरणे ही कामे अजून आपल्या मागे आहेतच.

उसाचा फड ही काय जागा आहे, हे आपण जाणतो. उंदीर तिथे साप. मण्यार रात्रीच फिरते. घोणसही बहुधा रात्रीच बाहेर पडते, आणि तिचा तपकिरी रंग वाळल्या पाचटात असा मिसळतो की मंद पिवळ्या उजेडात पाय पडेपर्यंत ती दिसत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिला आहे. त्यांतली बहुतेक खेड्यातली. तेव्हा पुढच्या दोन पावलांवरचे स्वच्छ दिसणे ही चैन नव्हे.

जुना बल्ब पिवळा का पडतो

जुन्या बल्बात टंगस्टनची बारीक तार तापते आणि उजेड देते. सेलमधली बहुतेक वीज उष्णतेत जाते, उजेड होतो तो थोडाच. शिवाय व्होल्टेज दहा टक्के उतरले की उजेड सुमारे तीस टक्के उतरतो. म्हणूनच सेल अजून पुष्कळ शिल्लक असताना आपण "मसाला संपला" म्हणून ते फेकतो. बॅटरी हातातून बांधावर पडली की तार तुटते, ते वेगळेच.

एल.ई.डी. मध्ये तार नसते. निळा उजेड देणारा एक बारीक कण असतो व त्यावर पिवळा लेप असतो. दोन्ही मिळून पांढरा उजेड पडतो. हा निळा एल.ई.डी. शोधून काढणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हिशेब पाहा. दोन सेलच्या बॅटरीतला नेहमीचा मोठा बल्ब सुमारे अर्धा अँपिअर करंट खातो. अर्ध्या वॉटचा एल.ई.डी. बल्ब ३ व्होल्टवर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका खातो आणि उजेड तरी चौपटीच्या घरात देतो. मोठा सेल जितका सावकाश वापरावा तितका एकूण जास्त पुरतो, हा फायदा आणखी वर.

बल्ब घेताना

पहिली गोष्ट बैठकीची. काही बल्बांना आटे असतात, ते फिरवून बसतात. काहींना कॉलर असते, ते नुसते ठेवून वरून टोपण आवळतात. दुकानात जुना बल्ब बरोबर न्या, म्हणजे प्रश्न मिटला.

दुसरी व्होल्टेजची. एका सेलचे दीड व्होल्ट, दोनाचे ३, तिनाचे साडेचार. बल्बावरचा आकडा पाहून घ्या. फक्त ३ व्होल्टचा बल्ब तीन सेलला लावला तर जळण्याची भीती. उलट पांढऱ्या एल.ई.डी.ला साधारण ३ व्होल्ट लागतातच, म्हणून दोन सेल थोडे उतरले की साधा बल्ब लगेच मंदावतो. दोन सेलच्या बॅटरीसाठी आत व्होल्टेज वाढविणारे सर्किट असलेला बल्ब मागावा. चार्जिंगचे सेल वापरणाऱ्यांनी तर तोच घ्यावा, कारण तो सेल १.२ व्होल्टचाच असतो.

तिसरी वॉटची. जास्त वॉट म्हणजे जास्त चांगले, असे नाही. एल.ई.डी.ची उष्णता मागे बुडाकडे जाते. पितळी किंवा पत्र्याची बॅटरी ती थोडीफार ओढून घेते, प्लॅस्टिकची घेत नाही. अर्धा ते एक वॉट आपल्या कामाला पुरे.

बसविताना

आधी बॅटरी साफ करा. स्प्रिंगला गंज, पट्टीला हिरवट थर, सेल पाझरून पडलेली पांढरी भुकटी, यांमुळे निम्मी वीज वाटेतच अडते. कोरड्या जुन्या ब्रशने भुकटी झाडावी, पट्टी, स्प्रिंग आणि बल्बाचे बूड टेकते ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत करावी आणि हात धुवावेत. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नये.

बल्ब लावला आणि लागला नाही, तर लगेच दुकानदाराशी भांडू नका. जुन्या बल्बाला सेल उलटसुलट चालत, एल.ई.डी.तून वीज एकाच दिशेने जाते. सेलची टोके बल्बाकडे आहेत ना ते पाहा. तरीही लागला नाही तर दोन्ही सेल उलटे घालून पाहा.

उजेडाची ठेवणही बदलते. जुना आरसा चहूबाजूंनी उजळणाऱ्या तारेसाठी बनविलेला असतो, एल.ई.डी. उजेड पुढे फेकतो. त्यामुळे झोत लांब न जाता पसरतो. ज्या बॅटरीचे तोंड फिरवून झोत जुळविता येतो, तिथे तो जुळवून घ्यावा. सरीचे दुसरे टोक कदाचित पूर्वीइतके दिसणार नाही, पण पायाजवळचे पाचट नीट दिसेल.

दोन सावधगिऱ्या

एक : जुना बल्ब हळूहळू पिवळा पडून आगाऊ सूचना देत असे. सर्किटवाला एल.ई.डी. शेवटपर्यंत सारखा उजेड देतो आणि मग भर रात्री एकदम बसू शकतो. जादा सेल खिशात असलेच पाहिजेत.

दोन : चांगला उजेड आहे म्हणून गमबूट आणि काठी घरी ठेवू नये. झोत खाली, पावलाच्या पुढे धरावा. दुर्दैवाने दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काही करू नये. अंग हलवू न देता, १०८ ला फोन करून, सापाच्या विषावरची लस असलेल्या दवाखान्यात तातडीने न्यावे.

शेवटी एक विनंती, जरा स्पष्ट बोलतो. पुष्कळ घरांत चांगली बॅटरी ओसरीवर राहते, आणि रात्री पाण्यावर जाणाऱ्या सालगड्याच्या किंवा वाटेकऱ्याच्या हाती पडते ती दोरीने बांधलेली, हातावर आपटल्याशिवाय न लागणारी. फडात पाय त्याचा असतो. नवा बल्ब आणा तो आधी त्याच्या बॅटरीत घाला. ओसरीवरच्या बॅटरीचे मग बघू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग